काळ्या घोड्याचा फोटो, मोकळ्यावर, फक्त उन्हाच्या उजेडात: मदत हवी आहे

तिसरी घंटा | ९ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज धागा काढायला कारण घडलं.

माझी मुलगी तीन वर्षांपासून मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकते. तिथे बादल नावाचा घोडा आहे. रेसमधून निवृत्त झालेला, थरोब्रेड जातीचा, वय १९, रंग काळा. अगदी कोळसा नाही. उन्हात पोटाशी आणि नाकाभोवती तांबूस दिसतो. त्याला सांभाळणारे मामा (तिथली सगळी मुलं त्यांना मामाच म्हणतात) फेब्रुवारी संपला की काम सोडून वाईजवळच्या आपल्या गावी जाणार आहेत. मध्यंतरी मला म्हणाले, "ताई, तुमच्याकडं मोठा कॅमेरा हाय. बादलचा एक फोटो काढून द्या. मोबाइलात लई हायत, पण त्यात त्यो दिसतच न्हाई. नुसता काळा डाग दिसतो."

मी लगेच हो म्हटलं. गेल्या रविवारी १४० फोटो काढले आणि घरी येऊन एकेक पाहताना रडू यायचं बाकी होतं. मामा म्हणाले तेच, काळा डाग. डोळा कुठे आहे ते शोधावं लागतं. आकाश पांढरंफटक. जवळून काढलेल्यांत डोकं एवढं मोठं आणि मागचं धड शेळीएवढं. ज्यात रंग थोडा बरा आला, त्यात कान मागे पडलेले, त्यामुळे बिचारा रागीट दिसतो. तो मुळीच रागीट नाही.

कॅमेरा आठ वर्षं जुना कॅनन डीएसएलआर, क्रॉप (लहान) सेन्सरवाला. लेन्स दोन: १८-५५ मिमी (जवळची) आणि ५५-२५० मिमी (लांबची). फ्लॅश वापरायचा नाही, शाळेचा नियमच आहे आणि तो मलाही पटतो. शाळेत रविवारी सकाळी क्लास संपल्यावर, म्हणजे पावणेनऊनंतर जाता येतं. संध्याकाळी जायचं तर आधी विचारावं लागेल. दीड महिना हातात आहे. कुठून सुरुवात करू?

---

फिक्स लेन्स | ९ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, आधी डोक्याचा प्रश्न मिटवू, तो सोपा आहे. १८-५५ बॅगेतच राहू दे. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत आठेक फूट लांब. तुम्ही समोरून चार फुटांवर उभ्या राहिलात, तर डोकं चार फुटांवर आणि मागचे पाय बारा फुटांवर, म्हणजे तिप्पट अंतर. मग डोकं मोठं दिसणारच, त्यात लेन्सचा दोष नाही. चाळीस-पन्नास फूट मागे जा आणि ५५-२५० लावा. घोडा आडवा उभा असेल तेव्हा कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर हवा. आपण उभं राहून डोळ्याला लावून काढतो, त्यात पाय आखूड दिसतात. गुडघ्यावर बसा, किंवा स्टूल न्या.

आता काळा डाग. कॅमेऱ्याच्या मीटरला (उजेड मोजणाऱ्या भागाला) काळा घोडा, पांढरा घोडा असं काही कळत नाही. समोर जे असेल त्याची सरासरी तो मध्यम करड्या रंगावर नेऊन ठेवतो. फ्रेममध्ये आकाश भरपूर असलं की तो म्हणतो "खूप उजेड आहे" आणि सगळं गडद करतो. तुमच्या घोड्याचा डाग तिथे झाला. उलट घोड्याने फ्रेम भरली की तो "फार अंधार आहे" म्हणून उजळ करायला जातो आणि काळा घोडा धुरकट, राखाडी निघतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते.

मॅन्युअल मोडवर जा, म्हणजे सेटिंग आपण ठरवायचं. घोड्यावर जे ऊन आहे त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरा, स्पॉट किंवा पार्शियल मीटरिंगने (फ्रेमच्या मधल्या छोट्या भागाचाच उजेड मोजतं ते) तळहात मोजा आणि मीटर +१ दाखवेल असं सेटिंग ठेवा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो. ऊन बदलेपर्यंत सेटिंगला हात लावायचा नाही, घोडा कुठेही हलो.

---

चिंचपोकळी फास्ट | १० जानेवारी, सकाळी ७:५०

फिक्स लेन्स यांच्याशी ९० टक्के सहमत. पण काळ्या घोड्याला मी त्याच्याही वर अर्धा ते एक स्टॉप देतो आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो. काळ्या केसांतला तपशील हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या, म्हणजे काळ्या, भिंतीला चिकटला की नंतर सॉफ्टवेअरमध्ये ओढून वर आणताना नुसते दाणे येतात. जुन्या सेन्सरला तर जास्तच. जास्त उजेड देऊन काढा आणि घरी खाली आणा. फक्त लगामाचं पितळ किंवा कपाळावरचा पांढरा टिळा जळत (नुसता पांढराफटक होत) नाही ना, तेवढं बघा.

---

फिक्स लेन्स | १० जानेवारी, सकाळी ९:२०

बरोबर आहे, मी जेपेगच्या (कॅमेरा तयार करून देतो त्या फोटोच्या) हिशोबाने लिहिलं. रॉ असेल तर तुमचंच ऐकावं.

---

टापा | १० जानेवारी, दुपारी १:३३

मी फोटोग्राफर नाही. घोड्यांत वाढले, वीस वर्षं त्यांच्यावर बसतेय, म्हणून घोड्याच्या बाजूने लिहिते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. म्हणून मागून कधीच जायचं नाही. खांद्याच्या बाजूने जायचं, बोलत जायचं. बसलेलं माणूस एकदम उभं राहिलं, ट्रायपॉडचा पाय खटकन उघडला, तर कितीही शांत घोडा बिचकू शकतो. रिफ्लेक्टर नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ती चंदेरी तबकडी फडकन उघडते आणि चमकते, त्यात घोड्याला धोका दिसतो. मी एकदा अशाने एका मुलीला पडताना पाहिलंय. हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

कान. घोड्याचं मन कानांत दिसतं. पुढे टवकारलेले म्हणजे "तिकडे काय आहे?" बाजूला सैल सोडलेले म्हणजे निवांत. मानेला चपटे चिकटले म्हणजे राग किंवा त्रास. तुमच्या फोटोत मागे वळलेत ते रागाने असतील असं नाही. तुम्ही पुढ्यात आणि मामा मागे उभे असतील तर तो मामांचं ऐकत असेल. मामांना तुमच्या मागे, जरा बाजूला उभं करा. चंदीची (खुराकाची) बादली हातात द्या. एकदाच वाजवायची, सारखी नाही. तिसऱ्या वेळेपासून घोडा ओळखतो की फसवताहेत, मग कान हलवतसुद्धा नाही. आणि वाजवली की फोटोनंतर चंदी द्यायचीच.

पाय. आडव्या फोटोत चारही पाय दिसायला हवेत. तुमच्याकडचे दोन पाय किंचित बाहेरच्या बाजूला, पलीकडचे किंचित आत. मामांना हे सांगायची गरज पडणार नाही, रेसचा घोडा सांभाळलेला माणूस आहे.

मुख्य म्हणजे वेळ ठरवून घ्या. दहा मिनिटं, मग फिरवून आणा, मग परत दहा मिनिटं. उन्हात अर्धा तास एका जागी उभा केलेला घोडा फोटोत कंटाळलेलाच दिसतो.

---

रानवाट | १० जानेवारी, रात्री ८:४५

टापाताई, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. माथेरानला भर दुपारी एका कुटुंबाने तासभर घोडा उभा करून ठेवला होता, सगळ्यांचे फोटो होईपर्यंत. घोडेवाल्याला पैसे मिळत होते, तो काय बोलणार. घोडा पाय बदलत उभा होता. मी कॅमेरा आत ठेवला त्या दिवशी.

माथेरानचं आणखी एक. तिथली माती लाल, जांभ्याची. ऊन जमिनीवर आपटून वर येतं ते लाल होऊन येतं. पांढऱ्या घोड्याचं पोट, पायांची आतली बाजू, हनुवटी, सगळीकडे गुलाबी झाक. मी आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चुकला समजून घोडा निळा करून टाकायचो. आता ती झाक ठेवतो, ती तिथली आहे. झाडांखाली मात्र फोटो नको. पानांतून ठिपक्याठिपक्यांचं ऊन घोड्यावर पडलं की पंचकल्याणी (चार पाय आणि तोंडावर पांढरा) घोडासुद्धा अबलख, म्हणजे ठिगळाठिगळांचा, दिसायला लागतो.

---

फोर्टातला | ११ जानेवारी, दुपारी ४:०२

ताई, तुम्हाला सरावासाठी एक काळा घोडा सुचवतो. हलत नाही, कान पाडत नाही, चंदी मागत नाही. काळा घोडा चौकातला नवा पुतळा, २०१७ साली बसवलेला, स्वारावाचूनचा. (जुना, सातव्या एडवर्डचा, १९६५ साली तिथून हलवला, तो भायखळ्याला जिजामाता उद्यानात आहे.)

माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. एका हिवाळ्यात मी त्या पुतळ्याचा रोज एक फोटो काढला, वेळ बदलून. सकाळी आठ, अकरा, दुपारी एक, चार, साडेपाच. धातू आणि केस एक नाहीत, कबूल. पण काळ्या गोल पोटावर उजेड कुठे बसतो हे मला तिथे कळलं. दुपारी एकला पाठीवर एक पांढरी रेघ, त्याखाली सगळा अंधार. साडेपाचला बाजूने ऊन आलं की मानेचा बाक, खांद्याचा उंचवटा, मांडीची गोलाई एकेक करून वेगळी होते. घोडा तोच. पुतळा चौथऱ्यावर उंच आहे, त्यामुळे कॅमेरा खालून लागतो, पण उजेड वाचायला शिकण्याशी त्याचा काही संबंध नाही. एक शनिवार काढून जाच.

---

तिसरी घंटा | १८ जानेवारी, दुपारी ३:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोर्टात गेले होते, सकाळी साडेआठला आणि परत संध्याकाळी. घरचे म्हणाले पुतळ्यासाठी दोन फेऱ्या? पण खरंच डोळे उघडले. संध्याकाळी मी पुतळ्याभोवती फिरत होते. ऊन माझ्या पाठीमागे असताना तो सपाट, पत्र्याचा कापून लावल्यासारखा. मी वळसा घालून ऊन खांद्यावर घेतलं आणि तो गोल झाला!

आज सकाळी बादल. पोचेपर्यंत नऊ, मामांनी त्याला बाहेर आणेपर्यंत सव्वानऊ. डोकं आता प्रमाणात आलं, २०० च्या आसपास काढलं. एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तळहाताने मोजून. डाग गेला! पण आता दुसरंच. बादल तपकिरी आलाय, धूळ बसल्यासारखा. मामांनी स्क्रीनवर पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त बादलच्या मानेवरून हात फिरवला. त्यांना आवडला नाही हे कळलं.

कोणीतरी मला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावायला सांगितलंय, चकाकी कमी होऊन रंग गडद येतो म्हणे. घेऊ का?

---

चिंचपोकळी फास्ट | १८ जानेवारी, सायंकाळी ६:४०

घ्या. झाडं, आकाश, तांबडा घोडा, सगळ्याचा रंग भरतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो तेवढं फक्त लक्षात ठेवा.

---

उजेडवाला | १८ जानेवारी, रात्री ११:३०

हा धागा आज पहिल्यांदा पाहिला, मोठं लिहितोय.

पोलरायझर घेऊ नका. निदान या घोड्यासाठी नाही. चिंचपोकळीदादा म्हणतात ते तांबड्या घोड्याला लागू आहे, काळ्याला अजिबात नाही, आणि त्याचं कारण या संपूर्ण धाग्याच्या मुळाशी आहे.

तांबडा किंवा कुमाईत (तांबूस-तपकिरी) घोडा आपल्याला दिसतो तो त्याच्या रंगामुळे. ऊन केसांवर पडतं, त्यातला तांबडा भाग परत येतो, आपल्याला तांबडा घोडा दिसतो. काळ्या रंगातून परत येण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. मग काळ्या घोड्याचा आकार कशाने दिसतो? केसांच्या वरच्या गुळगुळीत थरावरून जो उजेड आरशासारखा परत फिरतो, त्याने. आपण ज्याला तुकतुकी म्हणतो तिने. पाठीवर आकाश उमटतं, पोटाच्या खालच्या गोलाईवर जमीन उमटते, खांद्यावर समोरची भिंत उमटते. काळ्या घोड्याचा फोटो म्हणजे त्याच्या अंगावरच्या तुकतुकीचा फोटो. पोलरायझर नेमकी तीच पुसतो. ती गेली की उरतो तो मामांचा काळा डाग.

आता आजचे फोटो तपकिरी का आले? माझा अंदाज: ऊन तुमच्या पाठीमागून थेट घोड्यावर होतं, आणि काळ्यातला तपशील दिसावा म्हणून एक्सपोजर भरपूर दिलंत. पाठीमागच्या उन्हात तुकतुकी जवळजवळ मिळत नाही, मग जो काही थोडा रंग केसांत आहे, उन्हाने विटलेला तांबूस, तोच उजळून वर येतो. एक्सपोजर वाढवून काळा घोडा दिसत नाही, तो फक्त तपकिरी होतो. त्याला उजेड जास्त लागत नाही, उजेड बाजूने लागतो, आणि समोर काहीतरी मोठं, उजळ लागतं, जे त्याच्या अंगात उमटेल.

मुंबईत हे जमवायला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच जातो. मे महिन्याच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या शेवटी परत एकदा, पण तेव्हा ढग. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं आणि हवेतल्या धुरक्याने गाळून आलेलं असतं. हे धुरकं फुप्फुसांना वाईट, त्याबद्दल दुमत नाही. पण ऊन त्यातून मऊ होऊन येतं हेही खरं.

तेव्हा संध्याकाळची परवानगी काढा. सूर्यास्ताच्या तास-सव्वातास आधी. जागा अशी शोधा की सूर्य तुमच्या एका खांद्याच्या बाजूला, जरासा पुढेच असेल, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला पांढरी भिंत असेल. चुना लावलेली असेल तर सोन्याहून पिवळं, तिच्यावर ऊन पडून भिंतच मोठा दिवा होते. ती फडफडत नाही, चमकत नाही, घोडा तिला रोज पाहतो. मागे आकाश नको. सावलीतलं झाड किंवा मातकट भिंत, बरीच लांब.

आणि मामांना सांगा, आदल्या दिवसापासून खरारा.

---

टापा | १९ जानेवारी, सकाळी ६:५५

वा! पहाटे उठून वाचलं आणि आमच्या काळ्या घोडीजवळ जाऊन उभी राहिले. तिच्या कुशीत तबेल्याचा दरवाजा दिसत होता, उभा चौकोन, अक्षरशः. इतक्या वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं.

खराऱ्याबद्दल: खरारा, मग ब्रश, मग गवताची पेंढी पिळून घट्ट जुडी करून तिने अंगावर थोपटत घासायचं, शेवटी कापडाने पुसायचं. केस एका दिशेने बसतात, अंगातलं तेल वर येतं. फोटोच्या दिवशी आंघोळ घालू नका, तेल जातं. आंघोळ दोन-तीन दिवस आधी.

---

चिंचपोकळी फास्ट | १९ जानेवारी, सकाळी ८:१०

उजेडवाले, पोलरायझरचं माझं म्हणणं मागे घेतो. माझ्याकडे काळ्या घोड्याचे पोलरायझर लावून काढलेले दोन फोटो आहेत, ते कधीच आवडले नव्हते. कारण आज कळलं.

---

महालक्ष्मी वॉकर | २० जानेवारी, रात्री ९:००

विषय निघालाच आहे तर धावत्या घोड्याबद्दल विचारू का? मी रोज पहाटे रेसकोर्सवर चालायला जातो. सरावाचे घोडे जातात तेव्हा जमीन हादरते, नाकपुड्यांतून वाफ निघते. मोबाइलवर काढलं तर पाय वाकडेतिकडे येतात. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बीची शर्यत आहे, तेव्हाही प्रयत्न करायचाय.

---

फिक्स लेन्स | २० जानेवारी, रात्री १०:२५

वाकडे पाय मोबाइलच्या शटरमुळे. तो चित्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात पाय पुढे गेलेला असतो. कॅमेऱ्याला पर्याय नाही. चालत्या घोड्याला शटर १/२५० सेकंद, दुडक्या चालीला १/५००, भरधाव घोड्याला १/१००० च्या वर. पहाटे एवढा उजेड नसतो, तेव्हा उलटं करा: १/४० ठेवा आणि घोड्याबरोबर कॅमेरा कमरेपासून वळवा. पाय आणि मागचं सगळं पुसट, डोकं स्पष्ट. शंभरात तीन चांगले आले तर भरून पावलं समजा.

चारही पाय हवेत असतात तो क्षण हवा असेल, तर लक्षात ठेवा, भरधाव घोड्याचे पाय हवेत असताना पोटाखाली गोळा झालेले असतात, पसरलेले नाही. जुन्या चित्रांत पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून दाखवत. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे छायाचित्रकार मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावून सॅली गार्डनर नावाच्या घोडीचे फोटो काढले, तेव्हा खरी गोष्ट जगापुढे आली. मला हे फार भारी वाटतं. हजारो वर्षं माणूस घोड्यावर बसतोय, पण त्याचे पाय कसे पडतात ते डोळ्याला दिसलंच नव्हतं.

रेसकोर्सवर मोठी लेन्स नेण्याआधी तिथल्या ऑफिसात विचारून घ्या. आणि तिकडे फ्लॅश चुकूनही नाही.

---

कोकणवारा | २१ जानेवारी, दुपारी १२:१८

समुद्रावरच्या घोड्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी एक घरगुती हिशोब. ओल्या वाळूत घोड्याचं प्रतिबिंब हवं तर ओहोटी आणि मावळतीचं ऊन एकाच वेळी जुळायला हवं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आमचे आजोबा बोटांवर काढायचे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, अगदी सूर्यास्तालाच. उपयोग नाही. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि पाणीही जास्त मागे गेलेलं. हिवाळ्यातली पुनव-अवस आणि मागेपुढे एक दिवस, तेवढेच धरायचे. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात, तिथे मी असंच जुळवून काढलंय. मावळतीकडे तोंड करून काढल्यावर घोडा काळी आकृती येणार; तेव्हा पायांच्या मधून पाणी चमकताना दिसेल असा क्षण धरा, चारी पाय एकमेकांत गुंतलेले नकोत.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने कॅमेरा पुसा. खारा वारा कोणाला सोडत नाही.

---

तिसरी घंटा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. संध्याकाळची परवानगी मिळायला दोन आठवडे गेले. शाळेतल्या एका कार्यालयीन माणसाने "घोड्याच्या फोटोला एवढं काय" म्हणत पुढच्या आठवड्यावर ढकललं, परत ढकललं. मनाला लागलं. मामांचे इथले दिवस मोजलेले होते.

आज मिळाली, आणि आज मी स्वतः चूक केली. घरात एसी चालू होता, कॅमेरा बॅगेतून थेट बाहेर दमट हवेत काढला आणि लेन्सवर धुकं. पुसलं की परत. वीस मिनिटं गेली, तोवर सूर्य शेजारच्या इमारतीमागे. मुंबईतला सूर्यास्त पंचांगात असतो त्या वेळेला होत नाही, शेजारची बिल्डिंग ठरवते त्या वेळेला होतो!

पण जागा मिळाली. खोगिरं ठेवायच्या खोलीची बाहेरची भिंत चुन्याची आहे. समोर मोकळं मैदान, पलीकडे रेन ट्रीचं झाड. पाच वाजून ५५ मिनिटांनी ऊन जातं, हे लिहून ठेवलं.

---

उजेडवाला | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

कॅमेरा निघायच्या तासभर आधी बॅगेसकट एसी नसलेल्या खोलीत ठेवा, चेन बंद. बॅगेतच हळूहळू गरम होऊ द्या.

दोन आठवड्यांनी सूर्य थोडा उत्तरेकडे सरकलेला आणि जास्त वेळ वर असेल. इमारतीच्या हिशोबात फरक पडेल, आधी एकदा नुसतं जाऊन बघून या.

---

तिसरी घंटा | २२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

झाला.

सविस्तर लिहिते, कारण हा फोटो तुम्हा सगळ्यांचा आहे.

मी साडेचारला पोचले. मामा दोन वाजल्यापासून लागले होते. खरारा, ब्रश, मग टापाताईंनी लिहिलेली गवताची जुडी. मी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? म्हणाले, "रेसला हुतो तवा रोज करायचो. हितं येळ कुठला." शेवटी कापड टाकून नुसत्या तळव्याने पुसत होते, केसांच्या दिशेने, मानेपासून मांडीपर्यंत. घामाने त्यांचा शर्ट भिजला होता. बादल डोळे मिटून उभा.

पाच-पस्तीसला बाहेर आणला. सूर्य माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पुढे, उजवीकडे चुन्याची भिंत उन्हाने पेटलेली. मी गुडघ्यावर, साठ फुटांवर. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ ४००, एफ ५.६, शटर १/५००. तळहाताने मोजलं आणि फक्त अर्धा स्टॉप वर दिला. आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर तो काळा होता. खरा काळा. पाठीवर आकाशाची निळसर पट्टी, खांद्यावर उन्हाचं सोनं, आणि सावलीतल्या बाजूला, पोटाच्या वळणावर, भिंतीचा मऊ पांढरा उजेड. प्रत्येक स्नायू वेगळा. माझे हात थरथरायला लागले, श्वास रोखून धरला.

पाय मामांनीच लावले, नुसत्या लगामाच्या इशाऱ्याने. मग लगाम माझ्या मुलीच्या हातात देऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले. चंदीची बादली त्यांच्या हातात होती, पण वाजवावी लागली नाही. ते हलक्या आवाजात "ए बाळा" एवढंच म्हणाले आणि दोन्ही कान पुढे आले. मान उचलली, डोळ्यात आकाश आलं. सात फोटो काढले. आठव्याला त्याने माशी झटकायला मान हलवली आणि मी थांबले. चंदी दिली.

सातांपैकी चौथा.

---

टापा | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

"ए बाळा" वाचून डोळे भरून आले.

---

फिक्स लेन्स | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

अभिनंदन ताई! प्रिंट कशावर करताय? मॅट (न चमकणाऱ्या) कागदावर काळा रंग फिका पडतो, राखाडीकडे झुकतो. आणि प्रिंटआधी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून एकदा बघा. आपले स्क्रीन फार उजळ असतात, कागदावर तेवढं उजळ येत नाही.

---

तिसरी घंटा | २ मार्च, रात्री ८:३०

लस्टर (किंचित चमकणारा) कागद घेतला, १२ बाय १८ इंच. ग्लॉसीवर काळा अजून खोल आला होता, पण त्यात खोलीतला बल्ब चमकत होता, आणि मामांच्या घरी फोटो दारासमोरच लागणार. फिक्स लेन्स, स्क्रीनचं तुमचं ऐकलं म्हणून वाचले. पहिला छोटा नमुना काढला तर गडद होता, थोडा उजळ करून मग मोठा केला.

काल दिला. मामांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग बोट ठेवलं ते चेहऱ्यावर नाही, खांद्याखाली, जिथे केस जरा उलटे फिरलेत. "ह्ये बी आलंय." मला ते फोटोत दिसलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी कुंपणाच्या तारेने फाटलं होतं, रोज दोनदा हळद-तेल लावून त्यांनी भरून आणलं होतं. तिथले केस कधी सरळ बसत नाहीत, म्हणून उजेडही तिथे जरा वेगळा पडलाय.

आज सकाळच्या एसटीने ते गेले. फोटो बादलच्या जुन्या झुलीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, वर टपावर ठेवू दिला नाही. दुसरी प्रत त्यांच्या सांगण्यावरून तबेल्यात लावली आहे, चंदीच्या पिंपाच्या वर, पावसाळ्यात ओल येणार नाही त्या भिंतीला.